तंजावरच्या तीन लिप्या आणि घरचा संगणक

तंजावरच्या मराठी घरात कागदपत्रांना तीन लिप्या लागतात. शाळा, रेशनकार्ड, बँक हे सारे तमिळमध्ये. मराठी लिहायचे ते देवनागरीत. आणि पूर्वजांचे कागद मोडीत. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी दफ्तरांचा मोठा साठा आजही आहे. अशा घरातला संगणक जुना झाला की काय करायचे, हा प्रश्न सध्या तातडीचा झाला आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा संगणक धडधाकट असला तरी त्या यादीत बसत नाही. नवा घ्यायला पैसे हवेत, तसाच वापरत राहावे तर धोका. म्हणून मुक्तस्रोत प्रणालीकडे, म्हणजे लिनक्सकडे, लोक वळू लागतात आणि पहिल्याच पायरीवर गोंधळतात, कारण लिनक्स एक नाही, त्याची शेकडो वितरणे आहेत.

माझे म्हणणे असे की, ही निवड दिसण्यावरून किंवा नवेपणावरून करू नये. दोनच गोष्टी पाहाव्यात: अपडेट्स किती वर्षे मिळतील आणि अडल्यावर विचारायला माणूस भेटेल का. या कसोटीवर यादी झटकन आखूड होते. उबुंटू या वितरणाची दर दोन वर्षांनी एक दीर्घ मुदतीची आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षे अपडेट्स मिळतात. एप्रिल २०२४ च्या आवृत्तीची मुदत २०२९ पर्यंत आहे. तिच्याच पायावर उभे असलेले लिनक्स मिंट २२ सुद्धा २०२९ पर्यंत चालेल. त्याची मांडणी विंडोजची सवय असलेल्याला ओळखीची वाटते. संगणक फार जुना असेल तर मिंटचीच हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. चार जीबी रॅम असली की रोजचे काम भागते. डेबियन १९९३ पासून चालू आहे आणि भक्कम आहे, पण नवशिक्याला पहिल्या दिवशी थोडे जड जाते. दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या आवृत्त्या हौशी माणसासाठी ठीक. घरच्या हिशेबाला आणि मुलांच्या अभ्यासाला नकोत.

माणसाची मदत इतकी महत्त्वाची का, याचा पुरावा तमिळनाडूतच आहे. राज्याच्या ‘एल्कॉट’ या सरकारी कंपनीने २००६-०७ च्या सुमारास आपल्या कामात लिनक्स आणले. त्याच काळात चेन्नईच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली तयार केली. २०११ पासून राज्य सरकारने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले, त्यांत विंडोजच्या जोडीला बॉसही होते. पण एकाच यंत्रावर दोन प्रणाली दिल्या आणि शिकवणारा कोणी नसला, तर मूल शेजाऱ्याला ठाऊक असलेलीच उघडणार, हे उघड आहे. शेजारच्या केरळने उलट केले. तिथे शाळांच्या संगणकांवर लिनक्सच ठेवले, शिक्षकांना त्यावर प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तकेही त्यालाच धरून लिहिली. म्हणून ते टिकले. दोन्हीकडे लिनक्स होते, फरक पडला तो शिकवणाऱ्यांमुळे.

‘विंडोजवरही मराठी आणि तमिळ लिहिता येते, मग हा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि संगणक नवा असेल तर बदलायची घाई नाही. पण लिनक्सवर भाषेची सोय किती जवळ आहे ते पाहावे. सेटिंग्जमध्ये तमिळ ९९ आणि मराठी इनस्क्रिप्ट हे दोन्ही कळफलक जोडले की, उबुंटूवर सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली) आणि स्पेस या कळा एकत्र दाबून एका ओळीत दोन्ही भाषा लिहिता येतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. मोडीला २०१४ मध्ये युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत जागा मिळाली आणि तिचा नोटो फॉन्ट मोफत आहे. मुख्य म्हणजे इथे कळफलकाची मांडणी ही साधी मजकुराची फाइल असते. जाणकाराने ती उघडावी, मोडीसाठी बदलावी, दहा घरांना द्यावी. कोणाची परवानगी लागत नाही. सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना उभा केला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. आपल्या भाषेच्या मुलुखापासून इतक्या दूर राहणाऱ्या समाजाला आपल्या अक्षरांची सोय आपणच करावी लागते, हे त्या दरबाराने ओळखले होते.

खऱ्या अडचणीही आहेत. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, फोटोशॉप नाही. जीएसटीसाठी लागणाऱ्या डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर कधी चालते, कधी चालत नाही. ज्याचा धंदा यांवर आहे त्याने विंडोज सोडू नये, किंवा दोन्ही ठेवावे. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला जुना मजकूर, मग तो श्रीलिपीतला मराठी असो की जुन्या तमिळ फॉन्टातला, योग्य फॉन्ट नसला की उघडल्यावर अगम्य दिसतो. पण तो लिनक्सचा दोष नव्हे. तोच फॉन्ट नसलेल्या कुठल्याही संगणकावर हेच होते, आणि तो मजकूर आज ना उद्या युनिकोडमध्ये आणावाच लागणार आहे. पत्रे, हिशेबाचे तक्ते, ब्राउझर, व्हिडिओ या रोजच्या कामांना मात्र लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स पुरतात.

तेव्हा निर्णय कागदावर करू नका. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घ्या आणि संगणक त्यावरून सुरू करा. हार्डडिस्कला हात लागत नाही. वायफाय लागते का, प्रिंटर छापतो का, आवाज येतो का ते पाहा. एक पत्र मराठीत आणि एक तमिळमध्ये लिहा. हे सगळे जमले, तर फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा आणि मगच इन्स्टॉलचे बटण दाबा.