घरचे धान्य, घरचे कापड : बाळाच्या पहिल्या दोन वर्षांसाठी साधा स्वयंपाक आणि शिवण

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ऊस, द्राक्ष, हळद आणि भाजीपाला या पिकांमुळे शेतकरी कुटुंबाच्या हाती पैसा येऊ लागला. त्याबरोबर घरातील कणगी मात्र रिकामी होत गेली. पूर्वी घरच्या शेतात पिकणारी नाचणी, मूग, मटकी, हुलगा ही धान्ये आता अनेक घरांत दुकानातून येतात किंवा येतच नाहीत. त्याचा पहिला परिणाम घरातील सर्वांत लहान माणसावर होतो. आई शेतात कामाला जाऊ लागली की बाळाच्या हातात बिस्किटाचा पुडा येतो. बाळाचे पोट भरल्यासारखे दिसते, पण वजन वाढत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१९-२१) पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील १०० पैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० पैकी सुमारे ६९ मुलांना रक्तक्षय होता. ही मुले केवळ गरिबांच्या घरची नाहीत. गोठ्यात दुभती जनावरे आणि शेतात बागायत असलेल्या घरांतही अशी मुले आहेत. याचे एक महत्त्वाचे कारण सहा महिने ते दोन वर्षे या काळातील आहारात आहे. हा आहार घरच्या धान्यातून कसा तयार करावा आणि बाळाचे कपडे व अंथरूण घरच्या जुन्या सुती कापडातून कसे शिवावे, याची माहिती या लेखात दिली आहे. तरुण जोडप्याने आठवड्यातून दोन दुपारी या कामासाठी काढल्या तरी पुरे.

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न का?

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये. सहा महिन्यांनंतर आईचे दूध चालूच ठेवावे, परंतु ते एकटे पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दररोज सुमारे २०० कॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला सुमारे ३०० कॅलरी आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला सुमारे ५५० कॅलरी मिळाव्या लागतात. बाळाचे पोट मात्र लहान असते. पातळ पेज किंवा डाळीचे वरवरचे पाणी पाजले तर पोट पाण्यानेच भरते. म्हणून थोड्या अन्नात जास्त कस असला पाहिजे.

धान्याला मोड आणल्याने हे साधते. मोड येताना दाण्यात पिष्टाचे तुकडे करणारे घटक तयार होतात. अशा पिठाची पेज शिजताना घट्ट गोळा होत नाही. त्यामुळे कमी पाण्यात जास्त पीठ घालता येते आणि बाळाला ती सहज गिळता येते. मोड आल्यामुळे धान्यातील लोह अंगी लागण्यासही मदत होते.

बाळाचे मिश्र पीठ

साहित्य : नाचणी ५०० ग्रॅम, ज्वारी २५० ग्रॅम, मूग २५० ग्रॅम.

पाटण, जावळी, महाबळेश्वर या डोंगरी भागात नाचणी घरचीच असते. इतरांनी ती बाजारातून आणावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. इतर कोणत्याही तृणधान्यात ते इतके नसते. मुगामुळे पिठातील प्रथिने वाढतात. शिवाय तृणधान्यात जे प्रथिन घटक कमी असतात ते कडधान्यातून मिळतात.

कृती :
१) नाचणी निवडून तीन-चार पाण्यांनी धुवावी व रात्रभर भिजत घालावी. सकाळी पाणी निथळून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून ठेवावी. साधारण एक दिवसात बारीक मोड येतात.
२) मूग आठ तास भिजवून त्याच पद्धतीने मोड आणावेत. मोड गव्हाच्या दाण्याएवढे झाले की पुरे.
३) दोन्ही धान्ये स्वच्छ कापडावर पसरून कडक उन्हात वाळवावीत. माश्या व धूळ बसू नये म्हणून वरून पातळ कापड घालावे.
४) वाळलेली नाचणी हाताने चोळून मोड झाडून काढावेत. नंतर नाचणी व मूग मंद आचेवर हलकेच भाजावेत. फार भाजल्यास मोड आणण्याचा फायदा कमी होतो.
५) ज्वारी धुऊन, वाळवून खमंग भाजावी.
६) सर्व एकत्र करून दळावे, चाळावे आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. हे पीठ महिनाभरात संपवावे.

महत्त्वाची सूचना : बाळाच्या पिठासाठी ज्वारीला मोड आणू नयेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते हे शेतकऱ्यांना माहीत आहे. ज्या हायड्रोसायनिक आम्लामुळे ती होते, ते ज्वारीच्या कोवळ्या कोंबातही तयार होते. ज्वारीच्या दाण्यात तो धोका नाही, म्हणून ती न भिजवता भाजूनच वापरावी.

पेज करण्याची पद्धत

दोन मोठे चमचे (सुमारे २० ग्रॅम) पीठ थोड्या गार पाण्यात कालवावे म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ते एक वाटी पाण्यात घालून मंद आचेवर आठ ते दहा मिनिटे ढवळत शिजवावे. वरून एक लहान चमचा साजूक तूप घालावे. पेज चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतपत दाट असावी. सुरुवातीला दोन-तीन चमचेच भरवावेत व हळूहळू वाढवावे. अशी पेज तूप घालून दिवसातून दोन वेळा पूर्ण खाल्ली की सहा ते आठ महिन्यांच्या बाळाची वरच्या अन्नातील कॅलरींची गरज जवळजवळ भागते.

पेजेत मीठ, साखर किंवा गूळ घालू नये. गोडीसाठी कुस्करलेले केळे घालावे. तासगाव भागात बेदाणा घरोघरी असतो. तो चांगला धुऊन, रात्रभर भिजवून, पूर्ण वाटून घातला तरी चालतो. अख्खा बेदाणा किंवा अख्खा शेंगदाणा मात्र लहान मुलाला कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. शेंगदाण्याचे बारीक कूट द्यायचे असल्यास पहिल्यांदा अगदी थोडे देऊन अंगावर पुरळ किंवा सूज येत नाही ना, ते पाहावे. बुरशी लागलेले, काळपट किंवा कडू दाणे निवडून टाकावेत. त्या बुरशीचे विष भाजल्यानेही पूर्णपणे जात नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवू नये.

पेज ताजी करावी. सकाळची उरलेली संध्याकाळी देऊ नये. वाटी-चमच्यानेच भरवावे, दुधाची बाटली वापरू नये. करण्यापूर्वी व भरवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

पेजेबरोबर आठवड्याभरात मऊ शिजवलेली खिचडी, वाटलेली पालेभाजी आणि पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. नवव्या महिन्यापासून दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावे. वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी त्यात असावी. वरणात लिंबाचे दोन थेंब पिळले तर लोह चांगले अंगी लागते. मुलाला चहा पाजू नये, चहाने उलट परिणाम होतो.

आईसाठी थालीपीठ

अंगावर पाजणाऱ्या आईलाही जास्त कस हवा असतो. पण शेतातून आल्यावर वेगळे काही करायला तिला सवड नसते. वरील पीठच तिच्या उपयोगी पडते. दोन वाट्या मिश्र पीठ, एक वाटी ज्वारीचे पीठ, एक वाटी शेवग्याचा कोवळा पाला, एक बारीक चिरलेला कांदा, दोन चमचे शेंगदाण्याचे कूट, थोडी हळद, तिखट व मीठ घेऊन कोमट पाण्यात मळावे. ओल्या कापडावर थापून तव्यावर थोड्या तेलावर झाकण ठेवून भाजावे. दह्याबरोबर दोन थालीपिठे खाल्ल्यास दुपारचे जेवण चांगले होते. वर्षाच्या मुलालाही यातील मऊ भाग वरणात कुस्करून देता येतो. त्यासाठी तिखट न घातलेले एक थालीपीठ आधी करून ठेवावे.

एक गुंठा मूग घरासाठी

बाळाला महिन्याला साधारण सव्वा किलो मिश्र पीठ लागते. त्यात मूग सुमारे ३०० ग्रॅम असतो. सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वर्षापर्यंतच्या अठरा महिन्यांचा हिशेब केला तर मूग साडेपाच किलोच्या आसपास होतो. हेक्टरी सहा क्विंटल उत्पादन धरले तरी एका गुंठ्यात सहा किलो मूग मिळतो. म्हणजे बाळाच्या दोन वर्षांचा मूग एका गुंठ्यात पिकतो. खरिपाचे नियोजन करताना बांधाकडेची एवढी जमीन घरासाठी राखून ठेवणे कोणत्याही शेतकऱ्याला जड नाही. बांधावर शेवग्याची दोन झाडे लावावीत. या जागेवर फवारणीची औषधे जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

बाळाचे कपडे : कापडाची निवड

बाळाच्या कातडीला जुने, धुऊन मऊ झालेले सुती कापड सर्वांत चांगले. जुने लुगडे, सुती साडी, धोतर ही उत्तम कापडे होत. कापड सुती आहे का हे ओळखण्यासाठी त्याचा एक धागा चिमट्यात धरून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची राख होते. टेरिकॉट किंवा नायलॉनचा धागा वितळून त्याची कडक गोळी होते. असे कापड घाम शोषत नाही व चुलीजवळ धोक्याचे असते.

द्राक्षबाग किंवा भाजीपाल्यावर फवारणी करताना वापरलेले धोतर, साडी, डोक्याचे फडके कितीही धुतले तरी बाळासाठी वापरू नये. असे कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळूही नयेत, वेगळे धुवावेत. खताच्या पोत्यांचे कापडही बाळाच्या अंथरुणाला वापरू नये. निवडलेले कापड उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे.

झबले (सहा महिने ते एक वर्ष)

कापड : ४० सें.मी. रुंद, ७२ सें.मी. लांब.
१) कापड लांबीत दुमडून ३६ सें.मी. करावे. ही घडी खांद्याची. नंतर रुंदीत दुमडून २० सें.मी. करावे. ही घडी मध्यभागाची.
२) मध्यघडीपासून खांद्याच्या घडीवर ५ सें.मी. अंतरावर खूण करावी. गळ्याची खोली मागे २ सें.मी. व पुढे ६ सें.मी. ठेवून गोलाई कापावी.
३) बाहीचे तोंड : खांद्याच्या घडीपासून खाली १० सें.मी. खूण करावी.
४) काख : खांद्याच्या घडीपासून १२ सें.मी. खाली आणि मध्यघडीपासून साडेपंधरा सें.मी. बाहेर खूण करावी. बाहीच्या खुणेपासून काखेपर्यंत गोलसर आणि तेथून खालच्या काठावर मध्यघडीपासून १८ सें.मी. पर्यंत तिरपे कापावे.
५) फक्त पुढचा भाग मध्यघडीवर गळ्यापासून खालपर्यंत उभा कापावा.
६) दोन्ही बाजू दीड सें.मी. आत उलट्या टिपेने शिवाव्यात. गळ्याला तिरकस कापलेल्या पट्टीची गोट लावावी. बाकी काठ दुमडून हेम घालावी.
७) छातीवर एक आणि पोटावर एक अशा नाड्यांच्या दोन जोड्या लावाव्यात. नाडी वीतभरापेक्षा लहान असावी. गळ्याला नाडी लावू नये. गुंडी, हूक, मणी, टिकल्या लावू नयेत. त्या सुटून बाळाच्या तोंडात जातात.

अशी चार झबली एका साडीच्या चांगल्या भागात सहज निघतात. उरलेल्या तुकड्यांची दुपदरी लाळेरी करावीत. जेवण झाले की लाळेरे काढून ठेवावे.

लहान वाकळ

सातारा-सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात. बाळासाठी ९० सें.मी. चौरस वाकळ पुरते. सुती साडीचे ९० सें.मी.चे चार पदर एकावर एक अंथरावेत. मऊ पदर वर आणि खाली घ्यावेत, विरलेले मध्ये घ्यावेत. सुरकुत्या काढून चारी बाजूंनी लांब टाके घालून पदर पक्के करावेत. मग काठापासून आत दोन-दोन बोटांच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घालत मध्यापर्यंत यावे. ओळी जवळ असल्या की धुताना पदर सरकत नाहीत. वाकळ बाळाच्या अंगाखाली अंथरण्यासाठी वापरावी. तान्ह्या बाळाच्या तोंडावरून किंवा डोक्यावरून पांघरूण घालू नये. दर आठवड्याला ती उन्हात टाकावी.

कामाची वाटणी

धान्य निवडणे, दळून आणणे, वाळवण राखणे ही कामे घरातील पुरुषांनीही करावीत. शेतातून दमून आलेल्या एकट्या आईवर हे सर्व टाकले तर चार दिवसांत पुन्हा बिस्किटाचा पुडा येतो. आजी घरी असेल तर भरवण्याची वेळ तिने सांभाळावी. वाकळ शिवण्यात तिच्यासारखी गुरू दुसरी नाही.

वजन पाहावे

केलेल्या कष्टाचे फळ वजनकाट्यावर दिसते. दर महिन्याला अंगणवाडीत बाळाचे वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद करून घ्यावी. सलग दोन महिने वजन वाढले नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा द्यावयाचे लोहाचे पातळ औषध आशाताईंकडून मागून घ्यावे. घरच्या आहाराबरोबर तेही आवश्यक आहे. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी नेण्याचा आहार मिळतो, तोही बाळालाच द्यावा.

कृषी विज्ञान केंद्रांच्या कामात गृहविज्ञान हाही विषय असतो. बोरगाव (जि. सातारा), कालवडे (ता. कराड) व कांचनपूर (ता. मिरज) येथील केंद्रांशी गावातील महिला बचत गटाने संपर्क साधून प्रशिक्षणाबाबत विचारणा करावी. उसाच्या लागणीचे, द्राक्षाच्या छाटणीचे नियोजन आपण महिनोन्महिने आधी करतो. घरात पाळणा हलणार असेल तर एक गुंठा मूग, सुमारे अकरा किलो नाचणी आणि दोन जुन्या सुती साड्या यांचे नियोजनही त्याच वहीत लिहून ठेवावे.