मॉरिशसची वीज आणि उसाचे चिपाड

मॉरिशसच्या भूमीत ना कोळसा सापडतो ना खनिज तेल, आणि शेजारी देशाचे वीजजाळे हाताशी नसल्याने टंचाईत वीज उसनी घेण्याची सोयही या बेटाला नाही. त्यामुळे इंधन घेऊन येणारी जहाजे हाच त्याचा मुख्य आधार असून, उसाने त्यातून काही अंशीच सुटका केली आहे. रस काढल्यावर उरणारे चिपाड, कारखान्यांच्या भाषेत बगॅस, वजनाने उसाच्या साधारण ३० टक्के भरते, आणि त्यात निम्मे पाणी असले तरी ते बॉयलरमध्ये जाळून उच्च दाबाची वाफ तयार करता येते, त्या वाफेवर आधी जनित्र फिरते आणि मग तीच वाफ रस आटवण्याच्या कामी येते. या दुहेरी वापराला सहवीजनिर्मिती म्हणतात. महाराष्ट्रातील साखरपट्ट्याला ती परिचित आहेच, मॉरिशसमध्ये मात्र अशी वीज सार्वजनिक जाळ्याला १९५७ पासून मिळू लागली.

या वादळी बेटावर हे इंधन मिळत राहते ते उसाच्या चिवटपणामुळे. चक्रीवादळात ऊस लोळतो, पाने फाटतात, उतारा घटतो, पण मुळे शाबूत राहिली की खोडवा पुन्हा फुटतो. एकोणिसाव्या शतकात ज्या मळ्यांवर कोकणातून मराठी मजूर करारावर नेले गेले, ते मळे वादळांच्या वाटेवर टिकले, यात या गुणाचा वाटा मोठा आहे.

तथापि चिपाडापासूनच्या विजेच्या कौतुकात एक अडचण झाकली जाते. गाळप साधारण जून ते डिसेंबर चालते आणि पुढे बेल व्ह्यूसारख्या वीजकेंद्रांत आयात कोळसा जाळला जातो. म्हणजे दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात, जेव्हा विजेची मागणी सर्वाधिक असते आणि वादळामुळे बंदर बंद पडण्याचा धोकाही असतो, नेमके तेव्हाच चिपाड संपलेले असते.

शासनाने २०३० पर्यंत ६० टक्के वीज नवीकरणीय स्रोतांपासून घेण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते मुख्यतः सौरऊर्जेच्या भरवशावर. पण खंडप्राय देशात एका प्रांतावरचे आभाळ दुसऱ्या प्रांतातील ऊन भरून काढते, तर जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरच्या बेटावर एकच ढगाळ पट्टा बहुतेक सौरसंच एकदम मंद करू शकतो. तशा वेळी काही क्षणांत वीज पुरवणाऱ्या बॅटऱ्या लागतात, म्हणून त्या जाळ्याला जोडल्या जात आहेत.

चिपाडाचा पुरवठा तर साखरेच्या भावावर अवलंबून आहे. युरोपीय संघाने २००६ नंतर हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवला, तेव्हापासून अनेक छोट्या शेतकऱ्यांनी ऊस सोडला आणि शेते पडीक राहिली. अखेर २०२१ मध्ये चिपाडाचा मोबदला वाढवावा लागला. तो वाढवताना शासनाला साखरेइतकीच विजेचीही चिंता होती, असे म्हणण्यास जागा आहे.