टेकड्या कुणी रचल्या?

मिसिसिपीच्या एका काठावर सेंट लुइस शहर आहे. नदी ओलांडून इलिनॉय राज्यात शिरलं, की काही मैलांवर सपाट शेतजमिनीत एक हिरवी टेकडी दिसते. उंची सुमारे ३० मीटर, पायथ्याचा पसारा जवळपास १४ एकर. ही टेकडी निसर्गाची नाही. चाकाची गाडी नव्हती, ओझी वाहायला बैल-घोडे नव्हते, अशा काळात माणसांनी पाठीवरून टोपल्यांनी माती वाहून ती रचली. खणताना मातीच्या उभ्या छेदात काळे, पिवळे, राखाडी ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे कुणीतरी रिकामी केलेली एकेक टोपली!

हे काहोकिया. इ. स. ११००च्या सुमारास इथे १० ते २० हजार माणसं राहत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मक्यावर पोसलेलं हे नगर मेक्सिकोच्या उत्तरेला सर्वांत मोठं होतं. इथे मिळून सुमारे १२० टेकड्या होत्या. त्यांतल्या '७२ क्रमांकाच्या' टेकडीत सुमारे २० हजार शंखमण्यांच्या अंथरुणावर पुरलेला मृतदेह निघाला, तसेच एका खड्ड्यात ओळीने ठेवलेल्या ५३ जणांचे सांगाडेही. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. बळीच दिले असावेत. या नगराचं वैभव सांगताना ही बाजू झाकून चालणार नाही.

१९६१ साली महामार्ग व्हायचा होता, म्हणून घाईने उत्खनन झालं. त्यात वॉरन विट्री यांना मोठमोठे खड्डे वर्तुळात मांडलेले दिसले. त्यांत एके काळी 'रेड सीडर' लाकडाचे खांब होते. वर्तुळाच्या मध्याजवळून पाहिलं, की विषुवदिनी सूर्य थेट मोठ्या टेकडीआडून उगवताना दिसतो.

एवढं सगळं कुणी उभारलं? एकोणिसाव्या शतकातल्या अनेक गोऱ्या लेखकांनी व्हायकिंगांपासून इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्यांपर्यंत सगळ्यांना श्रेय दिलं. फक्त तिथल्या मूळ रहिवाशांना दिलं नाही. त्याच काळात, १८३०च्या कायद्याने, त्या रहिवाशांना जमिनींवरून हुसकावलं जात होतं. ज्यांची जमीन घ्यायची, त्यांच्या पूर्वजांनी नगरं वसवली हे मान्य करणं अडचणीचं होतं. हे 'गूढ' त्या अडचणीतून वाढलं. सायरस थॉमस यांनी १८९४च्या सविस्तर अहवालात ते निकालात काढलं: टेकड्या इथल्याच आदिवासींच्या पूर्वजांच्या.

खरं कोडं वेगळंच आहे. १३५०च्या सुमारास नगर ओस का पडलं? पूर, दुष्काळ, जंगलतोड, आपसांतली भांडणं अशी कारणं पुढे येतात, पण एकावर एकमत नाही. लिपी नसल्यामुळे नगराचं मूळ नावही कळत नाही. 'काहोकिया' हे नाव कितीतरी नंतर तिथे आलेल्या एका जमातीचं.

मराठवाड्यातल्या कित्येक गावांत पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती गाड्या भरभरून शेतात नेली गेली आणि जुनी वस्ती नाहीशी झाली. सेंट लुइसनेही तेच केलं. तिथेही अशा टेकड्या होत्या; त्यांतली 'बिग माउंड' १८६९पर्यंत पूर्ण खोदून माती रेल्वेच्या भरावाला वापरली. काहोकियाला १९८२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सेंट लुइस शहरात मात्र आता एकच जुनी टेकडी उरली आहे, 'शुगरलोफ'. तिचा काही भाग २००९ साली ओसेज जमातीने, म्हणजे त्या टेकड्या रचणाऱ्यांशी नातं सांगणाऱ्यांनी, पैसे मोजून विकत घेतला.