घरच्या ड्रम व्हिडिओत काठी आणि आवाज जुळवताना

घरी ड्रम वाजवून व्हिडिओ टाकणाऱ्यांसाठी थोडं. मोबाइलच्या माइकवर विसंबू नका; जवळून मारलेला स्नेअर त्याला झेपत नाही, आवाज फाटतो. आवाज ऑडिओ इंटरफेसमधून वेगळा घ्या, चित्र मोबाइलवर. मोबाइलचा आवाज मात्र बंद करू नका, जुळवताना तोच उपयोगी पडतो.

वाजवण्याआधी काठीवर काठी एकदा खणखणीत मारा, कॅमेऱ्याला दिसेल अशी. (सिनेमावाल्यांचा क्लॅप तो हाच.) एडिटिंगमध्ये दोन्ही वेव्हफॉर्मची टोकं एकाखाली एक आणा. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर हे काम आपोआपही करतं, तरी मी डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. गायकाच्या ओठांना एवढा फरक खपून जातो, काठीच्या फटक्याला नाही. म्हणून जमल्यास 50 किंवा 60 फ्रेमवर शूट करा.

सुरुवात जुळते आणि चौथ्या मिनिटाला सगळं घसरतं? दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. शिवाय बरेच फोन फ्रेमरेट गुपचूप कमीजास्त करतात. अशी क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून घ्या, प्रोजेक्टचा ऑडिओ 48 किलोहर्ट्झवर ठेवा. शेवटीही एकदा काठी वाजवली असेल तर फरक मोजून ऑडिओ किंचित ताणता येतो.

आणि हे सगळं तपासताना ब्लूटूथ हेडफोन नको, वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज मुळातच उशिरा पोचतो.