तार कापली, गाडी अडली

विजेवर चालणारी गाडी आता नवलाची राहिली नाही. १ जून २०२२ रोजी एस.टी.ची विजेवरची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेली. बैलाला वैरण लागते. डिझेलच्या गाडीला डिझेल लागते. तशी ह्या गाडीला वीज लागते. गाडीत मोठी बॅटरी असते. तिच्यात वीज भरली की गाडी धावते. वीज भरायच्या यंत्राला चार्जर म्हणतात. चार्जरपासून गाडीपर्यंत एक जाड केबल असते.

चोराचा डोळा ह्या केबलवर असतो. का बरं? केबल वरून काळी दिसते, पण तिच्या पोटात तांबे असते. तांब्यातून वीज सहज वाहते. आणि भंगारात तांब्याला चांगला भाव येतो. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाते, डीपी फोडून आतली तार नेतात, ते ह्याच लोभाने.

अमेरिकेत ही चोरी फार वाढली. २०२४ साली सिएटल, ह्यूस्टन, मिनियापोलिस अशा शहरांत चोरांनी चार्जरच्या केबली कापून नेल्या. आता हिशोब पाहा. एक केबल भंगारात विकून चोराला मिळतात १५ ते २० डॉलर. नवी केबल बसवायला मिनियापोलिस शहराला खर्च येतो सुमारे १००० डॉलर. म्हणजे चोराला एक रुपया मिळावा, म्हणून लोकांचे पन्नास रुपये बुडाले!

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. समजा, रात्रीची वेळ आहे. गाडीत आजारी माणूस आहे. बॅटरी संपत आली आहे. चार्जरपाशी येऊन पाहावं, तर केबलच नाही! मग काय करायचं? मोटारीची केबल गेली तर उभे पीक वाळते. डीपी फुटली तर सगळी वस्ती अंधारात बसते. चोरी एकाची, शिक्षा गावाला.

मग उपाय काय?

पहिला उपाय उजेडाचा. चार्जर आडबाजूला बसवू नये. जिथे दिवा आहे, माणसांची वर्दळ आहे, तिथे बसवावा. कॅमेरा असला तर उत्तम.

दुसरा उपाय केबलचा. सहज कापता येणार नाही अशा आवरणाच्या केबली आता निघाल्या आहेत. केबलवर मालकाची पक्की खूणही करता येते. घरच्या गाडीची सुटी केबल असेल, तर काम झाल्यावर ती घरात ठेवावी.

तिसरा उपाय सगळ्यांत मोठा. घेणाराच नसेल, तर चोर विकणार कुणाला? ह्यूस्टनच्या पोलिसांनी भंगाराच्या वखारीत जाऊन चोरीच्या केबली पकडल्या. आपल्याकडेही चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्याला ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. म्हणून भंगारवाल्याने माल घेताना विचारावे, "दादा, ही केबल कुठली? तुमचं नाव-गाव काय?" आणि ते वहीत लिहून ठेवावे. खरा माणूस उत्तर देईल. चोर काढता पाय घेईल.

अवेळी कुणी केबल कापताना दिसला, तर एकट्याने अंगावर धावून जाऊ नका. ११२ नंबरला फोन करा. शेजाऱ्यांना उठवा. कापलेली केबल लोंबताना दिसली, तर तिला हात लावू नका. पोरांनाही जवळ जाऊ देऊ नका. आत वीज चालू असू शकते. वीज कंपनीला लगेच कळवा.

आपल्या घराला आपण कुलूप लावतो. चार्जर आणि डीपी रस्त्यावर उघड्यावर असतात. त्यांची राखण दहाजणांच्या डोळ्यांनीच होते. त्या दहांत एक डोळा आपला असू द्या.