पास्ता आणि शुगर: नसती धास्ती, नको तो निर्धास्तपणा

अमेरिकेतल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या साध्या स्पॅगेटीचं खोकं उलटं करून पाहा. घटकांची यादी दोन ओळींत संपते. आधी सेमोलिना, म्हणजे ड्युरम गव्हाचा रवा. मग नायसिन, लोह, थायमिन मोनोनायट्रेट, रायबोफ्लेविन, फॉलिक ॲसिड. दर्शनी बाजूला लिहिलेलं असतं, ‘एनरिच्ड मॅकरोनी प्रॉडक्ट’. न्यू जर्सीत मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आईबाबा असोत की दंडाला ग्लुकोज सेन्सर चिकटवून फिरणारा तिशीतला सॉफ्टवेअरवाला, या खोक्याविषयी दोन टोकांची मतं हमखास ऐकू येतात. एक, यात वरून काहीतरी घातलंय, शुगर भसकन वाढणार. दुसरं, जीवनसत्त्वं घातलीत ना, मग पौष्टिकच की, खा पोटभर.

दोन्ही मतं चुकतात ती एकाच जागी. दोघांचंही लक्ष त्या पाच नावांकडे असतं. पण जेवणानंतर साखर किती चढेल ते ठरतं स्टार्चवरून: तो पास्त्यात कसा बांधलेला आहे आणि ताटात किती आला आहे यावरून.

“वरून घातलेल्या रसायनांनी साखर वाढते”

गहू दळताना कोंडा आणि अंकुर बाजूला काढला की त्यांच्याबरोबर लोह आणि ब गटातली बरीच जीवनसत्त्वंही जातात. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिण भागात नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने हजारो बळी घेतले. १९४१ मध्ये तिथे ‘एनरिच्ड’ पिठाची मानकं ठरली, १९४३ मध्ये युद्धकालीन आदेशाने पावातही ही भर घालणं सक्तीचं झालं. १९९८ पासून ‘एनरिच्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या धान्यपदार्थांत फॉलिक ॲसिडही घालावं लागतं, कारण गर्भाच्या मज्जारज्जूत जन्मजात दोष राहण्याची शक्यता त्याने कमी होते. थोडक्यात, दळताना गेलेलं काही परत घातलं आणि एक गोष्ट सार्वजनिक आरोग्यासाठी वाढवली. यात साखर नाही, गोडी आणणारं काही नाही.

आता प्रमाण बघा. अमेरिकी मानकानुसार एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम पास्त्यात नायसिन २७ ते ३४ मिलिग्रॅम, लोह १३ ते साडेसोळा मिलिग्रॅम, थायमिन ४ ते ५ मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड जेमतेम एक मिलिग्रॅम असतं. खोक्यावर एका वाढीचं माप ५६ ग्रॅम कोरडा पास्ता असं दिलेलं असतं. तेवढ्यात ही पाचही द्रव्यं मिळून सात मिलिग्रॅमच्या आसपास भरतात. उरलेले ५५ हजारांहून जास्त मिलिग्रॅम म्हणजे नुसता गहू.

नायसिनबद्दलची भीती मात्र अगदीच हवेतली नाही. कोलेस्टेरॉलसाठी नायसिन औषध म्हणून देतात तेव्हा मात्रा दिवसाला एक-दोन ग्रॅमची असते आणि त्या मात्रेला रक्तातली साखर थोडी वाढू शकते. ते कुठेतरी वाचायचं आणि पास्त्याच्या खोक्यावर तेच नाव पाहून दचकायचं, असा हा प्रकार. दीड ग्रॅम नायसिन पास्त्यातून मिळवायचं तर सुमारे वीस किलो कोरडा पास्ता संपवावा लागेल. तेवढा खाणाऱ्यापुढे नायसिन हा प्रश्न उरणार नाही.

याच्या उलट दावाही ऐकू येतो. ग्लुकोजपासून ऊर्जा तयार होताना थायमिन लागतं, म्हणून ‘एनरिच्ड’ पास्ता स्वतःची साखर स्वतःच जाळतो म्हणे! थायमिनची कमतरता नसलेल्या माणसाला थोडं जास्त थायमिन दिल्याने जेवणानंतरची साखर कमी होत नाही. शिवाय ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी असल्यामुळे पास्ता उकळून पाणी ओतून दिलं की त्यातला काही भाग मोरीत जातो. शुगरच्या बाबतीत इटलीहून आलेला बिनभरीचा पास्ता आणि हा ‘एनरिच्ड’ पास्ता यांच्यात फरक नाही.

“पास्ता म्हणजे मैदाच, पाव खाल्ला काय आणि पास्ता खाल्ला काय”

हे तपासायला एक माप आहे. संशोधक डेव्हिड जेंकिन्स यांनी टोरांटोत १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्सची (जीआय) कल्पना मांडली. तो मोजायची पद्धत सोपी पण वेळखाऊ आहे. किमान दहा निरोगी माणसांना रात्रभर उपाशी ठेवून सकाळी ५० ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदकं असलेला पदार्थ खायला द्यायचा. पास्ता असेल तर तो कोरडा साधारण ७० ग्रॅम. पुढचे दोन तास ठरावीक अंतराने बोटातून रक्त घेऊन साखरेचा आलेख काढायचा आणि त्याची तुलना ५० ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावरच्या आलेखाशी करायची. ग्लुकोजला १०० धरतात. ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त. हे आकडे निरोगी माणसांवरच काढलेले असतात, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात पांढऱ्या पावाची सरासरी ७५ आहे, पांढऱ्या भाताची ७३, आणि पांढऱ्या स्पॅगेटीची ४९. दोन्ही गव्हाचेच, कोंडा काढलेल्या, तरी पाव आणि पास्ता यांच्यात २६ अंकांचं अंतर आहे.

कारण घडणीत आहे. पास्त्यासाठी ड्युरम गव्हाचा रवा अगदी थोड्या पाण्यात भिजवतात आणि ती घट्ट कणीक मोठ्या दाबाने साच्यातून बाहेर काढतात. त्यात यीस्ट नाही, फुगणं नाही, हवा नाही. ग्लुटेनचं घट्ट जाळं तयार होतं आणि स्टार्चचे कण त्यात चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे रुतून बसतात. उकळल्यावरही हे जाळं बऱ्यापैकी शाबूत राहतं. लाळेतल्या आणि आतड्यातल्या अमायलेज या विकराला स्टार्चपर्यंत पोचायला वेळ लागतो, ग्लुकोज दमादमाने सुटतं. पावाचं उलट आहे. तो सच्छिद्र असतो, तोंडातच त्याचा लगदा होतो आणि विकराला सगळीकडून वाट मोकळी मिळते. पास्ता आपण बऱ्याचदा अर्धवट चावून तुकड्या-तुकड्यांनी गिळतो, त्याचाही यात वाटा आहे.

पटत नसेल तर कुसकुस घ्या. तोही ड्युरमच्या रव्याचाच, पण बारीक दाण्यांचा, साच्यातून दाबून न काढलेला. त्याच कोष्टकात त्याचा आकडा ६५ आहे. कच्चा माल तोच, फक्त घडण बदलली.

इटलीत तर सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असला पाहिजे असा कायदा १९६७ मध्ये झाला. हा गहू आपल्यालाही परका नाही. महाराष्ट्रातला बन्सी गहू ड्युरमच आहे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेलं एमएसीएस ४०२८ हे वाणही ड्युरमचं. उन्हाळ्यात वाळवणाच्या वेळी हातावर वळलेले गव्हले आणि बोटवे रुखवतात मिरवतात, ते कुळाने पास्त्याचे भाऊबंदच म्हणायचे. भारतात पास्ता घेताना मात्र पाकिटाची मागची बाजू वाचावी. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलं असेल तर वरचं सगळं लागू. मैदा लिहिला असेल तर हे आकडे त्याला आंधळेपणाने चिकटवू नयेत. तळून वाळवलेले झटपट नूडल्स हा तर वेगळाच पदार्थ.

शिजवण्याचाही थोडा परिणाम होतो. आपल्याकडे कित्येक घरांत पास्ता कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन मऊसूत करतात. तेवढा शिजला की जाळं सैल पडतं आणि पचन जलद होतं. फरक अफाट नसतो, पण दाताला किंचित लागेल असा ठेवलेला पास्ता अधिक चवदार असतो, हे माझं खासगी मत आहे आणि त्यावर वाद घालायची माझी तयारी आहे.

“ब्राऊन पास्ता घेतला की शुगरचा प्रश्न मिटला”

अख्ख्या गव्हाच्या स्पॅगेटीचा सरासरी आकडा ४८. पांढरीचा ४९. फायबरसाठी, पोट साफ राहण्यासाठी, खनिजांसाठी ब्राऊन पास्ता जरूर खावा. साखरेचा आलेख त्याने फारसा हलत नाही. आणि हो, चपातीचा सरासरी आकडा ५२ आहे, म्हणजे पोळी सोडून पास्ता धरण्यातही साखरेच्या दृष्टीने काही हाती लागत नाही.

“सेन्सरवर रेघ वर गेली म्हणजे शरीराचं नुकसान झालं”

मार्च २०२४ मध्ये अमेरिकी अन्न आणि औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणाऱ्या पहिल्या ग्लुकोज सेन्सरला परवानगी दिली. तेव्हापासून मधुमेह नसलेली मंडळीही प्रत्येक घासानंतर मोबाइल बघू लागली आहेत. पास्ता खाल्ला, रेघ चढली, काळजाचा ठोका चुकला.

निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून कोणत्याही क्षणी साधारण चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असतं. चहाचा एक चमचा म्हणा. ५६ ग्रॅम पास्त्यातून चाळीसेक ग्रॅम येतं. ते सगळं रक्तातच साठून राहिलं असतं तर कागदावरच्या हिशेबाने मीटरने आठशेचा आकडा ओलांडला असता. प्रत्यक्षात निरोगी माणसात तो एकशेवीस-तीसच्या आसपास घुटमळतो. कारण साखर चढायला लागते न लागते तोच स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, स्नायू ग्लुकोज ओढून घेतात, यकृत काही भाग साठवतं आणि स्वतः साखर सोडणं आवरतं. अर्ध्या-एक तासात रेघ शिखराला पोचते आणि दोन-तीन तासांत मूळ जागी येते. तो चढ-उतार हीच यंत्रणा चालू असल्याची खूण आहे.

मधुमेह नसलेल्या निरोगी माणसांना सेन्सर लावून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची सरासरी साखर शंभराच्या किंचित खाली होती, तरीही दिवसाला सुमारे अर्धा तास ती १४० च्या वर असायची. म्हणजे अधूनमधून १४० ओलांडणं हे निरोगी शरीरातही घडतं. शिवाय सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो. त्याचा आकडा काही मिनिटं मागे असतो आणि थोडा इकडेतिकडेही होतो. एकाच माणसाने तोच पास्ता सोमवारी आणि गुरुवारी खाल्ला तरी दोन आलेख जुळत नाहीत. झोप, चालणं, आधीचं जेवण, सगळ्याचा त्यात हात असतो.

“जीआय कमी आहे ना, मग कितीही खा”

भीती घालवायला निघालेले लोक नेमके इथे घसरतात. इंडेक्स वेग सांगतो, एकूण ओझं सांगत नाही. त्यासाठी ग्लायसेमिक लोड काढतात. इंडेक्सला खाल्लेल्या पचण्याजोग्या कर्बोदकांनी गुणायचं आणि शंभराने भागायचं. ५६ ग्रॅम पास्त्यात अशी कर्बोदकं सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे लोड २० च्या आसपास, आणि वीस हीच ‘जास्त’ची सुरुवात मानतात. आता ५६ ग्रॅम म्हणजे किती ते एकदा वजनकाट्यावर ठेवून बघाच. शिजून दुपटीहून थोडा जास्त होतो, तरी बशीत केविलवाणा दिसतो. घरी हात सैल सोडून वाढलेल्या ताटात याच्या दुप्पट सहज असतो, उपाहारगृहात त्याहून जास्त. दुप्पट म्हणजे लोड ४०. इंडेक्स तोच, ४९.

मग बरोबर लसणाचा पाव येतो, कोक येतो, सॉसमध्ये साखर असते. त्या जेवणानंतर चढलेल्या रेघेचा सगळा दोष पास्त्यावर जातो. उलट त्याच ताटात अर्धा पास्ता आणि अर्धी भाजी, थोडं ऑलिव्ह तेल, चिकन किंवा राजमा आला की जठर सावकाश रिकामं होतं आणि चढ बुटका होतो. जेवून दहा-पंधरा मिनिटं चाललात तर स्नायू ग्लुकोज ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना जास्तीच्या इन्सुलिनची गरज पडत नाही.

पास्ता शिजवून फ्रीजमध्ये गार केला की त्यातली साखर नाहीशी होते, असंही सांगतात. गार होताना थोडा स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो हे खरं. थोडाच. उरलेला सगळा पचतो.

आता ‘निरोगी’ या अटीकडे. हे सगळं उपाशीपोटी साखर १०० च्या आत आणि एचबीएवनसी ५.७ च्या खाली असलेल्या माणसाबद्दल चाललं आहे. आपण दक्षिण आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो. म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच सुचवते. मधुमेहपूर्व अवस्थेत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. अशा माणसाच्या ताटात हाच पास्ता आला तर इंडेक्स ४९ चाच राहतो, पण रेघ जास्त वर चढते आणि खाली यायला जास्त वेळ लावते. त्याने सर्वात आधी बदलायचं ते वाढण्याचं माप. खोक्यावरची ती पाच नावं त्याच्यासाठीही तितकीच निरुपद्रवी आहेत.