निबंधाच्या पलीकडची मराठी : इंटरनेटवरचं स्वतंत्र लेखन कसं शोधाल?



गेल्या पावसाळ्यात पाचवीच्या वर्गाला 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला होता. वह्या तपासायला घेतल्या, तर निम्म्याहून जास्त वह्यांत पहिला परिच्छेद सारखाच! एका मुलाने लिहिलं होतं, नदीला पूर आला आणि आम्ही पुलावर उभे राहून पाणी पाहिलं. आमच्या गावाला नदीच नाही. एक ओढा आहे, तो वर्षातून दोन-तीनदा वाहतो, आणि उन्हाळ्यात टँकर येतो. मी विचारलं, "कुठली रे ही नदी?" तो म्हणाला, "बाई, मोबाईलवर तशीच होती."

त्याला रागवावं असं मला वाटलं नाही. त्याने शोधलं, पहिलं जे आलं ते उतरवलं. आणि खरं सांगायचं तर ते पहिलं जे येतं, ते पुष्कळदा आमच्यासारख्या शिक्षकांनीच लिहून ठेवलेलं असतं. म्हणून आज निबंध न देता थोडं वेगळं लिहिते आहे. इंटरनेटवर मराठीत कितीतरी माणसं स्वतःच्या मनाने, स्वतःच्या भाषेत लिहितात. ते लेखन पहिल्या पानावर येत नाही, पण शोधलं तर सापडतं. कसं, ते पाहू.

स्वतंत्र लेखन म्हणजे काय?

कुणी सांगितलं म्हणून नाही, परीक्षेसाठी नाही, विकण्यासाठीही नाही, तर आपल्याला सांगावंसं वाटलं म्हणून केलेलं लेखन. एखाद्या निवृत्त एसटी वाहकाने लिहिलेल्या मुक्कामी गाडीच्या आठवणी, परदेशात राहणाऱ्या बाईने तिथल्या थंडीत पुरणपोळी करताना झालेली फजिती, एखाद्याने गडकिल्ल्यांवर केलेली भटकंती, कुणी शेतातल्या पक्ष्यांच्या ठेवलेल्या नोंदी. अशा लेखनाला संपादक नसतो. त्यामुळे त्यात चुका असतात, पाल्हाळही असतो. पण लिहिणारा माणूस त्यात दिसतो.

ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलं. पुढे बरीच वर्षं छापखाने आणि वर्तमानपत्रं मुख्यतः शहरांत राहिली. पण १९१० मध्ये मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' हे सत्यशोधकी विचारांचं पत्र अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातून काढायला सुरुवात केली. नेवासे तालुक्यातल्या तरवडीतून ते कित्येक वर्षं निघत राहिलं. गावात बसून, गावातल्या माणसांचे प्रश्न, गावातल्या भाषेत!

नंतर १९५५ च्या सुमारास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुणांनी 'शब्द' नावाचं छोटं अनियतकालिक काढलं. छापायला पैसे नव्हते म्हणून सायक्लोस्टाइल केलेलं. साठच्या दशकात अशी पुष्कळ 'लघुअनियतकालिकं' निघाली. मोठ्या मासिकांत जागा मिळाली नाही तर आपली पानं आपणच काढू, हा त्यामागचा विचार. शाळेतलं हस्तलिखित आणि भित्तिपत्रक हीसुद्धा याच घरातली लेकरं आहेत.

इंटरनेटवर हे कधी सुरू झालं?

टिम बर्नर्स-ली यांनी पहिलं संकेतस्थळ १९९१ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. १९९४ पासूनच अमेरिकेत जस्टिन हॉल नावाचा विद्यार्थी स्वतःच्या आयुष्याबद्दल वेबवर लिहू लागला होता. १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी अशा लेखनाला 'वेबलॉग' हा शब्द वापरला. त्याचंच पुढे 'ब्लॉग' झालं. १९९९ मध्ये 'ब्लॉगर' ही सेवा आली आणि २००३ मध्ये 'वर्डप्रेस'. आता संगणकाची भाषा न येणाऱ्यालाही फुकटात स्वतःचं पान काढता येऊ लागलं.

मराठीपुढे मात्र एक वेगळीच अडचण होती, ती म्हणजे फॉन्टची. पूर्वी जवळजवळ प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा असे. तो आपल्या संगणकात नसला, की पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं! युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच जागा मिळाली होती, पण ते सर्वांच्या संगणकांत पोचायला दहा-पंधरा वर्षं गेली. ते पोचलं आणि दोन गोष्टी झाल्या. मराठी सगळीकडे सारखी दिसू लागली आणि ती शोधता येऊ लागली. त्यानंतर मराठी लेखनाला भरतीच आली.

मग ते लेखन दिसत का नाही?

शोधयंत्र आपण टाईप केलेले शब्द आणि पानावरचे शब्द जुळवून पाहतं. त्या पानाकडे इतर किती पानांनी बोट दाखवलं आहे, हेही पाहतं. आता मुलं काय टाईप करतात? 'माझी आजी निबंध मराठी'. हेच शब्द शीर्षकात घालून लिहिलेली पानं साहजिकच वर येतात. पण ज्या माणसाने आपल्या आजीच्या जात्याबद्दल मनापासून लिहिलं, तो शीर्षक देतो 'घरघर'. ते पान विसाव्या पानावरही सापडायचं नाही.

दुसरं कारण म्हणजे बरंचसं लेखन आता फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर होतं. त्यातलं बहुतेक शोधयंत्राच्या हाती लागत नाही. आणि जुन्या फॉन्टमधलं किंवा फोटो काढून टाकलेलं लेखन शब्दाने शोधणं अवघडच.

शोधायचं कसं?

१) गावचा शब्द वापरा. ही सगळ्यात उपयोगी युक्ती. 'बैलपोळा' शोधलात तर निबंधांचा ढीग येईल. पण सातारा-सांगली-कोल्हापूरकडे या बैलांच्या सणाला 'बेंदूर' म्हणतात. 'बेंदूर' शोधा, म्हणजे त्या भागात वाढलेली माणसं भेटण्याची शक्यता वाढते. 'विहीर' ऐवजी 'मोट', 'धान्याची मळणी' ऐवजी 'खळं'. शब्द जितका मातीतला, तितका लिहिणारा जवळचा.

२) बोलीतली क्रियापदं टाका. निबंधात 'केले', 'गेले', 'आठवते' असतं. आठवणी सांगणारा माणूस 'केलं', 'गेलं', 'आठवतं' लिहितो. म्हणून 'खळं लहानपणी आठवतं' असं शोधून बघा. एका अनुस्वाराने किती फरक पडतो ते कळेल.

३) नको ते वजा करा. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह द्या, मध्ये जागा सोडू नका. 'माझी आजी -निबंध' असं लिहिलं, की निबंध हा शब्द असलेली पानं गाळली जातात.

४) अवतरणचिन्हं वापरा. 'आमच्या वाड्यात' हे शब्द दुहेरी अवतरणात टाकले, तर ते याच क्रमाने जिथे आलेत ती पानं आधी मिळतात.

५) एकाच ठिकाणी शोधा. इंग्रजी अक्षरांत 'साइट', लगेच कोलन, लगेच 'ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' आणि मग एक जागा सोडून मराठी शब्द. शोध तेवढ्याच ठिकाणी होतो. 'वर्डप्रेस डॉट कॉम'साठीही असंच करा.

६) एकाकडून दुसऱ्याकडे जा. एक चांगला लेखक सापडला, की त्याच्या पानाच्या कडेला 'मी वाचतो ते' अशी यादी आहे का पाहा. पाहुण्यांच्या ओळखीने पाहुणे वाढतात, तसं आहे हे! अशा यादीतून सापडणारं लेखन शोधयंत्रातून सहसा सापडत नाही.

७) ऑनलाइन दिवाळी अंक उघडा. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि आपल्याकडे ही प्रथा रुजली. आता काही दिवाळी अंक फक्त इंटरनेटवर निघतात. त्यातला एखादा लेख आवडला, तर त्या लेखकाचं नाव शोधा.

खरं लेखन कसं ओळखायचं?

लिहिणाऱ्याचं नाव किंवा टोपणनाव आहे का? तारीख आहे का? 'माझ्याविषयी' असं काही लिहिलंय का? गावाचं, झाडाचं, माणसाचं, वस्तूचं नेमकं नाव येतं का? आणि महत्त्वाचं म्हणजे 'इथे माझी चूक झाली' असं लेखक कुठे म्हणतो का?

याउलट एकच शीर्षक पाच वेळा आलं, प्रत्येक परिच्छेद 'तर मित्रांनो'ने सुरू झाला आणि शेवटपर्यंत एकही नेमकी गोष्ट कळली नाही, तर ते पान बंद करा. (ही सवय मलाही आहे, हे कबूल करते!)

एक सावधगिरी. मनापासून लिहिलेलं सगळंच खरं असतं असं नाही. इतिहास, औषधं, कायदा अशा विषयांत दुसरीकडे पडताळून पाहा. लहान मुलांनी मोठ्यांच्या सोबतीनेच शोधावं. आणि इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं म्हणजे ते फुकट उचलता येतं, असं नाही. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लेखन लेखकाच्या मालकीचं असतं, त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. दोन ओळी घेतल्या तर नाव द्यावं.

सापडलेलं हातचं जाऊ नये म्हणून

चांगलं पान सापडतं आणि पुन्हा शोधायला गेलं तर मिळत नाही, हा अनुभव सर्वांचाच. यासाठी 'फीड रीडर' नावाची सोय आहे. आपल्या आवडीच्या लेखकांची यादी तिथे एकदा द्यायची. त्यांनी नवीन काही लिहिलं, की ते आपल्याकडे आपोआप येतं, जसा पेपरवाला रोज दारात पेपर टाकतो. 'फीडली', 'इनोरीडर' अशा सेवा मोफतही वापरता येतात. या मागचं आरएसएस हे तंत्र १९९९ पासूनचं आहे. नवं नाही, पण अजून चालू आहे.

आणि पानच नाहीसं झालं तर? 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था १९९६ पासून वेबवरची पानं साठवते. तिच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जुना पत्ता टाकला, तर पुष्कळदा जुनं पान परत दिसतं. आपल्याला आवडलेलं पान आपणही तिथे जतन करू शकतो. लिहिणारा माणूस गेल्यावर त्याचं पान कोण सांभाळणार, हा प्रश्न आता मराठीतही आला आहे. म्हणून हे काम शिकून ठेवा.

वर्गातला उपक्रम

हे मी वर्गात असं केलं. मुलांना आधी घरून एक शब्द आणायला सांगितला, जो पुस्तकात नाही पण आजी-आजोबा वापरतात. मग वर्गात मोबाईलवर आम्ही तो शब्द शोधला. कधी काहीच मिळालं नाही. कधी शंभर कोसांवरच्या कुणीतरी त्याच शब्दावर पानभर लिहिलेलं मिळालं. ते मोठ्याने वाचलं. शेवटी प्रत्येकाने आपापल्या शब्दावर दहा ओळी लिहिल्या, मोबाईल बंद करून.

नदीचा पूर लिहिणाऱ्या मुलाने 'व्हळ' हा शब्द आणला होता. आमच्याकडे ओढ्याला तसंच म्हणतात. शोधून फारसं काही सापडलं नाही, तेव्हा तो खट्टू झाला. मी म्हटलं, "अरे, मग तूच लिही की." त्याने लिहिलं, की व्हळाला पाणी आलं त्या दिवशी त्याची चप्पल वाहून गेली, आईने धपाटा घातला, आणि रात्री वडील म्हणाले, चप्पल गेली तर जाऊ दे, पाणी तर आलं. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. त्या मी दाखवल्या. बाकी एकही शब्द बदलला नाही.

आता 'व्हळ' शोधणाऱ्या पुढच्या मुलासाठी त्याच्या त्या दहा ओळी कुठेतरी असायला हव्यात, असं मला वाटतं. त्याच्या आई-वडिलांना विचारून, नाव न देता, त्या इथे ठेवायचा विचार आहे.

तुम्हीही आज घरी एक शब्द विचारा, तो शोधा. सापडला तर वाचा. नाही सापडला, तर त्यावर पहिलं लेखन तुमचंच!